हिमयुग, आई आणि राजघाटचा पूल

माझा जन्म गेला माणसं कशी चालत गेली हे शिकवण्यात. आफ्रिकेतून निघाली, अरबस्तानातून आली, समुद्राच्या कडेकडेनं सरकली, बर्फाशी येऊन थांबली, पुन्हा निघाली. बनारसच्या एका मुलींच्या कॉलेजात मी भूगोल शिकवते आणि हिमयुगाचं प्रकरण दर हिवाळ्यात मी मागून घेते. आणि घरात माझी आई अशी, की तिनं दहा-एक वर्षांपूर्वी, हातपाय धडधाकट असताना, गावाबाहेर पाऊल टाकणं बंद करून टाकलं. आता यावर हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

क्षेत्रसंन्यास घेतला होता तिनं. म्हणजे मरेपर्यंत काशीची शीव ओलांडायची नाही. इकडे वरुणा, तिकडे अस्सी, समोर गंगा, यांच्या आत राहायचं, आत मरायचं, की सुटका. शास्त्रात पंचक्रोशीची मोठी शीवही चालते म्हणतात, पण आईला सवलत घेणं कधी जमलंच नाही. तिनं लहान शीव धरली. दुसऱ्यांच्या मुली आयांना अमेरिका दाखवून आणतात, मला माझी आई अस्सीच्या नाल्यापलीकडे नेता येत नव्हती. मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा तिनं मैदागिनजवळच्या डॉक्टरकडूनच करून घेतलं, कारण चांगला दवाखाना शिवेबाहेर होता. नातवाची मुंज पुण्याला झाली, ती तिनं मोबाइलवर बघितली. मी तेव्हा तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तिनं हे का केलं ते मला ठाऊक होतं, म्हणून तर जास्त राग यायचा. ती नाशिकची. लग्न होऊन संकठा घाटाच्या वरच्या गलीत आली आणि बाबांबरोबर सारा संसार तिथेच केला. हिंदी अशी बोलायची की भाजीवाला भाव करायला घाबरायचा. पण गलीत ती शेवटपर्यंत ‘महाराष्ट्रवाली चाची’. बाबांच्या घराण्याला काशीत आठ पिढ्या झाल्या, तरी आम्ही दक्षिणीच. बाबा गेले त्या वर्षी कोण्या शेजारणीनं सहज विचारलं, “अब तो आप अपने गाँव चली जाएँगी?” बस. महिन्याभरात आईनं गुरुजींना बोलावलं आणि हातावर पाणी घेऊन संकल्प सोडून मोकळी झाली. आता म्हणा मला बाहेरची! मोक्षबिक्ष नंतर, आधी हा हट्ट होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

या ‘बाहेरच्या’ शब्दानं माझंही डोकं फिरतं. वर्गात बलियाच्या, गाजीपूरच्या, मिर्झापूरच्या मुली असतात. पहिल्याच तासाला मी विचारते, तुमच्यात इथली मूळची कोण? सगळ्या हात वर करतात. मग मी सांगते, करा खाली. या मातीत माणूस उगवलेला नाही. तुझा पूर्वज चालत आला, हिचा चालत आला, माझा जरा उशिरा आला एवढंच. गंगा नदी आधीची, आपण सगळे नंतरचे. एकीच्या वडिलांनी येऊन तक्रार केली होती की मॅडम आमचा इतिहास बिघडवतात. मी त्यांना मातीच्या पुरव्यातला चहा पाजला आणि पुढच्या वर्षीही तेच शिकवलं.

तर मावशी. आईची सख्खी थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली. तेव्हा मावशी असेल तेरा-चौदाची आणि आई सात-आठची. आईच्या वेण्या मावशीनं घातल्या, पहिल्यांदा विटाळशी बसली तेव्हा तिनंच समजावलं, आणि धाकटीचं शिक्षण पुरं व्हावं म्हणून स्वतःचं ठरलेलं लग्न दोनदा मोडलं. एकदा गोदावरीत आई खोल पाण्यात गेली म्हणून मावशीनं तिला सगळ्या घाटादेखत थोबाडीत मारली होती. आई ही गोष्ट इतक्या कौतुकानं सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं बक्षीस मिळालं होतं.

त्या जानेवारीत नाशिकहून मावसभावाचा फोन आला. मावशीचं दुखणं पोटात पसरलं होतं, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. तो म्हणाला, आमची आई रोज दाराकडे बघते, पण तुझ्या आईला बोलवा असं म्हणत नाही. म्हणते, तिचं व्रत आहे, तिला सांगू नका. फोनवर बोलणं व्हायचं नाही, मावशीला ऐकूच येत नव्हतं. व्हिडिओ लावला की दोघी एकमेकींकडे बघत नुसत्या बसायच्या, आणि मग आई म्हणायची, बंद कर, तिला दमायला होतं.

मी दुसऱ्याच दिवशी तिकिटांचं बोलले. आई म्हणाली, नाही. मी म्हटलं, अगं बहीण मरतेय तुझी. आई म्हणाली, ठाऊक आहे. मी मग जे तोंडाला येईल ते बोलले. देवाला काय शिवेवर जकात नाका टाकून बसायचंय का, असंसुद्धा म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी. ती संकठेच्या देवळात जाऊन आली, तिनं खिचडी टाकली, मला वाढली. स्वतः जेवली नाही. असे बरेच दिवस गेले. आई वाळत चालली होती, आणि हट्ट सोडत नव्हती, आणि मी तिच्यावर चिडत होते, कारण घाबरले होते.

मग एका दुपारी आम्ही चूडा-मटर, म्हणजे इकडचे मटार घातलेले पोहे, करायला मटार सोलत बसलो होतो. आईनं विचारलं, उद्या वर्गात काय आहे? हा तिचा जुना प्रश्न. भांडण कितीही होवो, हे ती विचारायचीच. मी म्हटलं, तेच आपलं, अमेरिकेत माणसं कशी गेली.

मी सांगायला लागले आणि मटारांच्या ढिगातच मांडून दाखवलं. फार थंडीचा काळ आला. पाऊस पडायचा तो बर्फ होऊन जमिनीवरच साचायचा, वितळून परत समुद्रात जायचाच नाही. उत्तरेकडे मैल मैल जाडीचं बर्फ. एवढं पाणी जमिनीवर अडकल्यावर समुद्र उतरणारच. शंभर मीटरहून जास्त उतरला. मग आशियाचा ईशान्येकडचा कोपरा आणि अमेरिकेचं टोक यांच्यामध्ये आज जिथे समुद्र आहे, तिथे जमीन वर आली. लोक पूल म्हणतात, पण तो चांगला ऐसपैस प्रदेश होता, गवताचा, मोठमोठ्या जनावरांचा. जनावरांमागे माणसं आली. पुढे बघतात तर अमेरिकेच्या तोंडाशी बर्फाची भिंत. तेव्हा बहुधा तिथेच थांबली, पिढ्यान्‌पिढ्या राहिली. किती काळ, यावर अभ्यासकांची अजून भांडणं चालू आहेत. मग ऊन वाढलं, बर्फ मागे सरायला लागलं, कोणी किनाऱ्यानं गेलं असेल, कोणी नंतर आतल्या वाटेनं. आणि त्याच वितळलेल्या पाण्यानं समुद्र चढला आणि मधली ती सगळी जमीन बुडाली. मी मधले मटार ओंजळीत उचलून पातेल्यात टाकले.

आईचे हात थांबले होते. तिनं विचारलं, “आणि जी अलीकडे राहिली ती?”

मी म्हटलं, ती आशियातच राहिली.

“म्हणजे एकाच घरातली काही इकडे, काही तिकडे.”

मी शिक्षकी खाक्यात सांगितलं, की असं एका दिवसात होत नाही, पाणी चढायला हजारो वर्षं लागतात. एखाद्या म्हातारीला फार तर वाटलं असेल, आपण लहान असताना समुद्र जरा लांब होता. हे सांगताना माझ्या मनात काहीसुद्धा नव्हतं, देवाशपथ. मी तिला समजावायचं कधीच सोडून दिलं होतं.

आईनं हातातली शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले. मग म्हणाली, “त्यांना समुद्रानं अडवलं. मला कोणी अडवलंय? माझ्या नि ताईच्या मधलं पाणी मीच सोडलंय, या हातानं.” आणि तिनं उजवा हात माझ्यापुढे धरला, मटारानं हिरवा झालेला. “तिकिटं काढ.”

मला रडू आलं. रडता रडताच मोबाइल शोधला.

गलीत गोष्ट लपत नाही. संध्याकाळी गुरुजी हजर. हे गुरुजी माझ्यापेक्षा लहान, नाशिकहून काशीला येऊन राहिलेले, आणि आईला संकल्प त्यांनीच सांगितला होता. माणूस वाईट नाही. पण त्या दिवशी चेहरा उतरला होता. त्यांनी सांगितलं, की काकू, हा काही चतुर्थीचा उपास नाही, मोडला तर उद्या पुन्हा धरला. बाहेर असताना काही बरंवाईट झालं तर एवढ्या वर्षांचं सगळं वाया. आणि दोष मलाही लागतो, कारण देणारा मी. आई ऐकत होती. मी मध्ये बोलणार तेवढ्यात गुरुजी खाली मान घालून म्हणाले, एक वाट आहे.

आणि मग त्यांनी ते सांगितलं. संकल्पाच्या दिवशी ते काशीत नवीन होते. संकल्पात जागा सांगायची असते, कुठल्या देशात, कुठल्या नदीच्या कुठल्या काठावर. आईच्या हातावर पाणी घातलं, तोंडानं सवयीनं नाशिकचं आलं, “गोदावर्याः दक्षिणे तीरे.” इथे म्हणायला हवं होतं भागीरथीच्या पश्चिम तीरावर. त्यांच्या लक्षात रात्री आलं, आणि मग सांगायची हिंमत झाली नाही. तेव्हा काकू, नीट पाहिलं तर तुमचा संकल्प इथला झालाच नाही. तो नाशिकचा. तुम्ही खुशाल जा.

मी टाळीच वाजवली. सुंठीवाचून खोकला गेला! मी आईला म्हटलं, बघ, व्रत मोडतही नाही, उलट नाशिकला तर जायलाच हवं तुला. गुरुजी सुटले, मी सुटले. मी उठून चहा टाकायला निघाले.

आई म्हणाली, “बस खाली.”

मी बसले.

“गुरुजी, तुम्ही गोदावरी म्हणालात ते मी तेव्हाच ऐकलं होतं. एवढी बहिरी नव्हते. टोकलं नाही, कारण बरं वाटलं. माझ्या माहेरची नदी. पण मनात काशीच होती, आणि पाणी सोडलं ते काशीसाठीच. आता गरज पडली म्हणून तुमच्या चुकीच्या आड लपू? मी व्रत घेतलं होतं. ते मी मोडतेय. असंच सांगा विचारतील त्यांना.”

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी हात टेकले. ही बाई सरळ दारातून बाहेर जाणार होती आणि मागचं दार उघडं असलं तरी तिला ते नको होतं. तेव्हा मला तिचा इतका अभिमान वाटला, आणि इतका वैतागही आला, की दोन्ही एकदमच.

गलीत कुजबुज सुरू झाली. आई दुसऱ्या दिवशी मुद्दाम पंचगंगा घाटावर गेली, नेहमीच्या बायका दिसल्या त्यांना स्वतःहून सांगितलं, मैं जा रही हूँ, व्रत तोड़ के जा रही हूँ. एकीनं कानाला हात लावले. आईनं तिला विचारलं, नाशिक से कुछ लाऊँ?

निघताना आम्ही गलीतून चालत चौकापर्यंत गेलो, तिथून टोटो रिक्षा करून कैंट स्टेशन. आईनं खिडकीची जागा घेतली. काशी स्टेशन गेलं की गाडी लगेच राजघाटच्या पुलावर चढते, आणि पुलाखाली गंगा, म्हणजे शीव. मी इतकी वर्षं तिच्याशी भांडले होते, आणि पूल जवळ आला तशी मीच घाबरले. वाटेत काही झालं तर? ऐंशीला टेकलेली बाई. हिमयुग शिकवते मी, पुराव्याशिवाय बोलत नाही, आणि मला त्या क्षणी खरोखर वाटलं की तिच्या हातून काहीतरी जातंय, आणि ते मी घालवतेय. मी म्हटलं, आई, अजून उतरता येईल. हे मी म्हटलं! तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वर्गातली ढ मुलगी.

गाडी पुलावर आली. डब्यातल्या सगळ्यांनी हात जोडले. आईनंही जोडले. उजवीकडे दूरवर सगळे घाट एका वळणात दिसत होते, औरंगजेबाच्या मशिदीखाली आमचा पंचगंगेचा घाट, त्याच्यापुढे संकठा, शिंदे. इतकी वर्षं ती त्या पायऱ्यांवर उभी राहून इकडे बघायची, आता इकडून तिकडे बघत होती. ती नदीला म्हणाली, “येते गं.” ‘मी जाते’ असं आमच्यात कोणी म्हणत नाही, कोणाच्याच दारातून. मग तिनं डोळे पुसले, पिशवीतून लाडूंचा डबा काढला आणि मला एक दिला.

मुघलसराय गेल्यावर तिनं विचारलं, तुझे ते लोक ऑस्ट्रेलियात कसे गेले? तिथेही जमीन वर आली होती का? मी सांगितलं, आली, पुष्कळ आली, पण पुरी नाही. समुद्र कितीही उतरला तरी मध्ये खोल पाणी राहिलंच होतं. तेवढं त्यांना तराफ्यावरून ओलांडावं लागलं, पोरंबाळं घेऊन. काही ठिकाणी समोरचा काठ दिसतही नसेल.

“कोणी सांगितलं होतं त्यांना, जा म्हणून?”

“कोणी नाही.”

“आणि जाऊ नका म्हणून सांगणारे?”

मी म्हटलं, ते असणारच, ते कुठे नसतात.

आई हसली. मावसभावाच्या फोननंतर पहिल्यांदा हसली. मग मिर्झापूर येईपर्यंत झोपली, तोंड उघडं ठेवून, घोरत.

नाशिकला मावशी खोलीत खिडकीपाशी होती. एवढीशी झाली होती. आई आत गेली आणि पलंगावरच बसली. मावशीनं आधी ओळखलं नाही, मग ओळखलं. तिला ऐकू येत नव्हतं म्हणून आईनं तिच्या कानाशी तोंड नेलं. मी दारात होते, मला सगळं ऐकू आलं, कारण आई ओरडतच होती. मावशीनं क्षीण आवाजात विचारलं, व्रताचं काय केलंस? आई म्हणाली, मोडलं. मावशीनं हात उचलला. मला वाटलं आता गालावरून फिरवणार. तिनं आईला एक चापट मारली. जोर कुठला असायला, पण मारली. आणि म्हणाली, “एवढा उशीर?”

त्या रात्रीपासून आई तिच्याच खोलीत झोपली. मावशीच्या केसांत तेल घालायची, उरले होते तेवढ्या केसांची वेणी घालायची, पातळ पेज भरवायची. मावशी कधी घोट घ्यायची, कधी तोंड फिरवायची. दोघी फार बोलत नव्हत्या. मी सुट्टी वाढवून घेतली. एका सकाळी आईनं मला हाक मारली, आवाज शांत होता. मावशी गेली होती.

तेरावा करून आम्ही परतलो. नाशिकच्या सगळ्यांनी आईला राहा म्हटलं. ती म्हणाली, घर काशीला आहे. व्रताचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुजी आले, हातात पोथी. बिचाऱ्यांनी खूप शोधून ठेवलं होतं. प्रायश्चित्त आहे, ते म्हणाले, फार कठीण नाही. पंचगंगेवर स्नान, एक उपास, झेपेल तशी पंचक्रोशीची प्रदक्षिणा, टोटोनं केली तरी चालेल. मग संकल्प पुन्हा, आणि या वेळी मी भागीरथीच म्हणेन, काकू. सगळं पूर्ववत होईल.

आईनं त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि समोर बसली.

“गुरुजी, मी इथेच राहणार. मरण इथे आलं तर इथे, नाहीतर असेन तिथे. पण आता शब्दानं बांधून घेणार नाही. आणि प्रायश्चित्त चुकीसाठी असतं. ताई गेली तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. यातली चूक कुठल्या पोथीत लिहिली असेल तर दाखवा, मी आत्ता उपास धरते.”

गुरुजींनी पोथी उघडली नाही. पिशवीत घातली, डोळ्यांना उपरणं लावलं, आणि चहा निवायच्या आत पिऊन टाकला.